शेवटचा धडा : शालेय गणितातील सांख्यिकी आणि आपला जिल्हा

(बी. ए. अंतिम वर्ष, अर्थशास्त्र)

घरातल्या शेंडेफळाचे सगळे लाड करतात. पुस्तकातल्या शेवटच्या धड्याच्या वाट्याला मात्र ते भाग्य येत नाही. नववीच्या 'गणित भाग १' मध्ये सांख्यिकी हे सातवे, म्हणजे शेवटचे प्रकरण. दहावीच्या पुस्तकात ते सहावे, आणि तेही शेवटचेच. समीकरणे झाली, श्रेढी झाल्या, अर्थनियोजन उरकले की शाळेत सराव परीक्षेचे वारे वाहू लागतात आणि सांख्यिकी दोन तासांत आटोपली जाते. मी दहावीत असताना आम्हांला वर्गात एवढेच सांगण्यात आले की, सूत्र पाठ करा, तक्ता भरा, गुण कुठे जात नाहीत. आम्ही सूत्र पाठ केले, तक्ता भरला, गुणही पदरात पडले. पण तो तक्ता कशाचा होता, त्यातल्या संख्या कुणी मोजल्या होत्या आणि कशासाठी, हे आम्ही कधी विचारले नाही.

पुढे कला शाखेत आले तेव्हा वाटले, आता गणिताशी काडीमोड झाला. पण अर्थशास्त्राचे पुस्तक उघडले तो पहिल्याच पानावर तक्ता! समाजशास्त्र, भूगोल, राज्यशास्त्र, जिकडे जावे तिकडे हा शेवटचा धडा माझ्या आधी जाऊन बसलेला. म्हणून यंदा तो पुन्हा पहिल्यापासून वाचला. जे उमगले ते कला शाखेच्या मित्रमैत्रिणींपुढे ठेवावे आणि चुकले असेल तेथे गुरुजनांनी कान पकडावा, एवढ्यासाठी हा लेख.

सामग्री येते कोठून?

सांख्यिकीच्या भाषेत गोळा केलेल्या माहितीला 'सामग्री' म्हणतात. लग्नाच्या किंवा पूजेच्या सामग्रीसारखीच ही सामग्रीही आधी जमवावी लागते, निवडावी लागते, मग मांडावी लागते. आपण स्वतः विचारून, मोजून मिळवली ती प्राथमिक सामग्री. दुसऱ्याने मिळवून ठेवलेली आपण वापरली, तर ती दुय्यम सामग्री. येथे 'दुय्यम' म्हणजे कमी प्रतीची नव्हे. दुसऱ्या हातून आलेली, एवढाच त्याचा अर्थ. शाळेचा हजेरीपट, तलाठ्याकडचा सातबारा, ग्रामपंचायतीची जन्म-मृत्यू नोंदवही, जनगणनेचे अहवाल ही सारी दुय्यम सामग्रीची कोठारे आहेत.

आपला मुलूख या बाबतीत गरीब नाही. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलने लिहिलेल्या 'ऐन-इ-अकबरी'त वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांची जी यादी आहे, तिच्यात आपल्या मेहकरचे नाव सापडते. महसुलासाठी का होईना, पण येथली जमीन तेव्हापासून आकड्यांत बसलेली आहे. पुढे इंग्रजी अमलात वऱ्हाडची खानेसुमारी १८६७ साली झाली. म्हणजे देशभरच्या १८७२ च्या पहिल्या जनगणनेच्याही आधी. १८७० साली लायल यांनी संपादन केलेले वऱ्हाडचे गॅझेटिअर प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी जलंब ते खामगाव हा रेल्वेचा फाटा सुरू झाला. हा योग उगाच जुळून आलेला नाही. खामगावच्या बाजारातला कापूस बाहेर न्यायचा होता, आणि ज्याला माल न्यायचा असतो त्याला आधी मोजावे लागते. सामग्री कुणीतरी, कशासाठी तरी गोळा केलेली असते. तो 'कुणीतरी' आणि ते 'कशासाठी' विसरून आकडा वाचू नये, हा या धड्यातला पहिला पाठ. पाठ्यपुस्तकात तो लिहिलेला नाही, पण असायला हवा.

प्रश्न विचारण्याची कला

गोळा करणे म्हणजे कागद-पेन घेऊन दारोदार फिरणे, असे आम्हांला वाटत असे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आम्ही एका खेड्यात घरोघर पाहणी केली, तेव्हा हा भ्रम फिटला. आमच्या छापील प्रश्नावलीत एक प्रश्न होता : 'घरी शौचालय आहे काय?' घरोघर 'आहे' असे उत्तर आले आणि आम्ही खुशीत खुणा करत सुटलो. तिसऱ्या दिवशी एका आजीने सहज सांगितले, "हाये ना बाई, त्यात सरपन ठिवलं." आमचा प्रश्न चुकला होता. 'आहे काय?' असे नव्हे, तर 'घरातले किती जण वापरतात?' असे विचारायला हवे होते. तीन दिवसांची पायपीट एका क्रियापदाने वाया घालवली.

दुसरी गोष्ट व्याख्येची. 'पावसाचे दिवस किती?' असा प्रश्न वर्गात विचारला, तर कुणी शिडकावा झालेला दिवसही मोजील, कुणी नाल्याला पूर आला तोच मोजील. म्हणून हवामान खात्याने ठरवून टाकले आहे की, चोवीस तासांत निदान २.५ मिलिमीटर पाऊस पडला तरच तो पावसाचा दिवस. आणि पर्जन्यमापकाची नोंद रोज सकाळी ८.३० वाजता घ्यायची. व्याख्या एक, वेळ एक, माप एक, तेव्हा कोठे मलकापूरचा पाऊस आणि लोणारचा पाऊस शेजारी मांडता येतो.

तिसरी गोष्ट उत्तर देणाऱ्याच्या मनाची. गुरुजींनी वर्गात उभे करून 'काल का आला नाहीस?' असे विचारले, तर साऱ्या वर्गाला तापच आलेला असतो. नाव न लिहिता चिठ्ठीवर उत्तर मागितले, तर तापाचा जोर ओसरतो आणि गुरे, लहान भाऊ, वेचणी अशी खरी कारणे कागदावर उतरतात.

पिकाचे माप आणि आबांचा प्रश्न

सामग्री गोळा करण्याचे अवघड उदाहरण शोधायला लांब जायला नको; ते आपल्या बांधावर उभे आहे. वावरात पीक किती आले, हे सगळ्या गावाचे धान्य न मोजता कसे सांगायचे?

या प्रश्नावर आयुष्य वेचणारी दोन मराठी माणसे आपल्या वर्गात क्वचितच आठवली जातात. डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा जन्म १९११ साली सातारा जिल्ह्यातील बुध या गावी झाला. दुसरे डॉ. विनायक गोविंद पानसे. त्यांनी इंदूरच्या संशोधन संस्थेत कपाशीवर काम केले. शेतीसाठी सांख्यिकीच्या पद्धती शिकवणारे या दोघांचे पुस्तक १९५४ साली निघाले आणि कृषी महाविद्यालयांतील पिढ्या त्यावर वाढल्या. पीककापणी प्रयोगाची जी रीत देशात रूढ झाली, तिच्यामागे यांचे मोठे काम आहे. ही रीत अशी : गावे चिठ्ठ्या टाकल्यासारखी यदृच्छेने निवडायची, त्यांतून वावरे तशीच निवडायची, वावरातही कोणत्या जागी फीत लावायची ते आधीच ठरवायचे, तेवढ्या चौकोनातले पीक कापून वजन करायचे आणि त्यावरून साऱ्या भागाचा अंदाज बांधायचा.

यदृच्छेचा एवढा आग्रह कशासाठी? कारण माणसाचा डोळा पक्षपाती असतो. निवड त्याच्यावर सोपवली, तर कुणी चांगले डोलणारे पीक निवडील, कुणी मदत मिळावी म्हणून वाळलेला कोपरा दाखवील. चौकोन केवढा घ्यावा, यावरही त्या काळी मोठा वाद झाला. बंगालमध्ये प्रा. प्रशांतचंद्र महालनोबिस फार लहान तुकडे घेत. सुखात्म्यांनी दाखवून दिले की, तुकडा फार लहान असला की कडेवरची झाडे आत धरली जातात आणि उत्पन्न खऱ्यापेक्षा जास्त दिसते. एका फितीच्या लांबीवर देशाच्या धान्याचा हिशेब हलतो, हे वाचून मी थक्क झाले.

याच कापणीच्या प्रयोगांशी आपल्या गावची पैसेवारी जोडलेली आहे. सोळा आण्यांच्या काळात तिला आणेवारी म्हणत. आमचे आबा अजूनही तसेच म्हणतात. सांगायचे तर ते साधे गुणोत्तर आहे. प्रमाण उत्पन्न हेक्टरी १० क्विंटल धरले आणि यंदा ४.५ क्विंटल आले, तर पैसेवारी ४५. नजरअंदाज, सुधारित आणि अंतिम अशा टप्प्यांनी ती जाहीर होते. ५० पैसे ही त्यातली लक्ष्मणरेषा. तिच्या आत आलेल्या गावांना वर्षानुवर्षे जमीन महसुलात सूट, कर्जवसुलीला स्थगिती, विद्यार्थ्यांना परीक्षा शुल्क माफी अशा सवलती मिळत आल्या. २०१६ नंतर दुष्काळ ठरवताना पाऊस, जमिनीतील ओलावा, पिकांची हिरवाई असे इतर निर्देशांकही पाहिले जाऊ लागले. तरी गावात अजूनही चर्चा होते ती पैसेवारीचीच.

एकदा वर्तमानपत्र वाचून दाखवताना मी आबांना गावाची पैसेवारी सांगितली. ते म्हणाले, "गावाची पन्नासच्या वर अशीन, आपल्या वावराची तीस बी नाही. मंग सरकार कोनाचं वावर पाह्यते?"

तेव्हा मला उत्तर आले नव्हते. आता थोडेफार देता येईल. नमुन्यादाखल सहा वावरांची पैसेवारी घेऊ : ३०, ३५, ४०, ६५, ७०, ७२. बेरीज ३१२, सहाने भागले की मध्य आला ५२. गाव रेषेच्या वर! पण सहांपैकी तीन वावरे रेषेच्या बरीच खाली आहेत, आणि ५२ पैसे पिकलेले वावर तर एकही नाही. आबांनी सरासरीवरचा सर्वांत मोठा आक्षेप कोणतेही सूत्र न शिकता घेतला होता.

मांडणी : ढिगाऱ्यातून तक्ता

आता वर्गीकरणाकडे येऊ. पुन्हा एक उदाहरण घेते. आकडे नमुन्यादाखल आहेत, पण कापसाच्या पट्ट्यातील कोणत्याही गुरुजींना ते ओळखीचे वाटतील. दिवाळीनंतरचा महिना आहे. सीतादही झाली, वेचणीला जोर आला. नववीच्या एका वर्गात ३० मुले आहेत. त्या महिन्यात प्रत्येक जण किती दिवस गैरहजर होता, ते हजेरीपटावरून उतरवले :

०, १, ०, २, १४, ३, ०, १, १२, २,
१६, १, ०, ४, १८, २, ०, १, १३, ३,
११, ०, २, १७, १, ५, ०, १५, २, १४

ही कच्ची सामग्री. ती नुसती पाहून काही कळत नाही. बाजारात पोती उलटी केल्यासारखे दिसते. म्हणून वर्ग पाडायचे, एकेका संख्येसाठी ताळ्याची खूण करायची, पाचवी खूण आडवी मारायची आणि शेवटी मोजायचे. ०–४, ५–९ असे समावेशक वर्ग घेतले, तर सारणी अशी होते :

वर्ग (गैरहजर दिवस) — वारंवारता — संचित वारंवारता
० – ४ — २० — २०
५ – ९ — १ — २१
१० – १४ — ५ — २६
१५ – १९ — ४ — ३०

संचित वारंवारतेचा शेवटचा आकडा ३० आला, म्हणजे कुणी सुटले नाही आणि कुणी दोनदा मोजले गेले नाही. हिशेबाचा ताळा येथेच पडतो.

सारणीकडे क्षणभर पाहा. मधल्या वर्गात एकच विद्यार्थी आहे. म्हणजे हा एक वर्ग नाहीच; हे दोन वर्ग एका खोलीत बसले आहेत. एक शाळेत येणाऱ्यांचा, दुसरा वेचणीला जाणाऱ्यांचा. वर्गांतर १० घेतले असते, तर सारणीत ०–९ ला २१ आणि १०–१९ ला ९ एवढेच राहिले असते आणि मधली दरी झाकली गेली असती. उलट वर्गांतर १ घेतले असते, तर एकोणीस ओळींची सारणी होऊन पुन्हा ढिगारा झाला असता. वर्गांतर किती घ्यावे, याचे सूत्र पाठ करून भागत नाही. सामग्रीकडे दोन-तीनदा पाहावे लागते.

तीन मध्यवर्ती माणसे

आता मध्य, मध्यक आणि बहुलक. सर्व संख्यांची बेरीज १६०. तिला ३० ने भागले की मध्य ५.३३ दिवस. संख्या चढत्या क्रमाने लावल्या, तर पंधरावी व सोळावी या दोन्ही २ आहेत. म्हणून मध्यक २. सर्वांत जास्त वेळा आलेली संख्या ०. ती सात वेळा आली, म्हणून बहुलक ०.

एकाच वर्गाबद्दल तीन उत्तरे, आणि तिन्ही बरोबर! मुख्याध्यापकांना वर्ग चांगला दाखवायचा असेल तर ते बहुलक सांगतील : 'बहुतेक मुले एकही दिवस चुकवत नाहीत.' तक्रार करणारा मध्य सांगेल : 'सरासरी पाच दिवस बुडतात.' पण अकरा ते अठरा दिवस बुडालेल्या त्या नऊ मुलांबद्दल तिन्हींपैकी एकही आकडा काही सांगत नाही. त्यांच्यासाठी सारणीच वाचावी लागते.

आणखी एक गंमत. सारणीवरून वर्गमध्य घेऊन मध्य काढला, तर (२×२०) + (७×१) + (१२×५) + (१७×४) = १७५, आणि १७५ ÷ ३० = ५.८३. मूळ सामग्रीवरून मात्र ५.३३ आला होता. गणित चुकले का? नाही. वर्गीकरण करताना आपण असे मानले की ०–४ मधील वीस मुलांचे दिवस सरासरीने २ आहेत. प्रत्यक्षात ती मुले शून्य-एककडे दाटलेली होती. वर्ग पाडले की सोय होते, पण सोयीची किंमत मोजावी लागते. ही गोष्ट आम्हांला शाळेत कुणी सांगितली असती, तर ते सूत्र इतके निर्जीव वाटले नसते.

मी या उदाहरणावर इतकी रेंगाळले, त्याचे कारण लपवत नाही. नववीत असताना मी स्वतः सतरा दिवस वेचणीला होते. वर्षाअखेरीस वर्गाची सरासरी हजेरी चांगली भरली असे जाहीर झाले आणि आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

चित्र काढताना

सारणी सर्वांनाच वाचता येत नाही. चित्र मात्र लहान पोरालाही कळते. आपल्या अभ्यासक्रमात मूल चित्रालेखापासून सुरुवात करते. मग स्तंभालेख, जोडस्तंभालेख, आठवीत विभाजित व शतमान स्तंभालेख आणि दहावीत आयतालेख, वारंवारता बहुभुज व वृत्तालेख अशी चढण आहे. या चित्रांचा इतिहास फार जुना नाही. विल्यम प्लेफेअर यांनी स्तंभालेख १७८६ साली आणि वृत्तालेख १८०१ साली छापला. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांना आपण दिवा घेतलेली परिचारिका म्हणून ओळखतो. पण क्रिमियाच्या युद्धात सैनिक जखमांपेक्षा रोगराईने अधिक मेले, हे त्यांनी १८५८ साली आलेख काढूनच सत्ताधाऱ्यांच्या गळी उतरवले.

कोणते चित्र केव्हा काढावे, याचा विवेक महत्त्वाचा. वर्ग सलग असतील तर आयतालेख. म्हणून आपले ०–४, ५–९ हे वर्ग आधी ४.५, ९.५ अशा सीमांनी जोडून घ्यावे लागतील. एकूणातला वाटा दाखवायचा तर वृत्तालेख : वीस मुलांचा केंद्रीय कोन २४० अंश, एकाचा १२, पाचांचा ६०, चारांचा ४८, बेरीज ३६०.

तुलना करायची असेल, तर शतमान विसरू नये. समजा, आपल्या वर्गात १८ मुलगे आणि १२ मुली आहेत, आणि त्या नऊ जणांत ३ मुलगे व ६ मुली आहेत. साध्या जोडस्तंभात मुलींचा स्तंभ मुलग्यांच्या दुप्पट दिसेल. शतमान काढले तर मुलगे १८ पैकी ३, म्हणजे सुमारे १७ टक्के. मुली १२ पैकी ६, म्हणजे ५० टक्के. अंतर दुपटीचे नाही, तिपटीचे आहे. पहिला आलेख खोटा नाही, पण तो अर्धेच सांगतो.

आपल्या जिल्ह्याचा एक आकडा

आता नमुन्याचे आकडे बाजूला ठेवून खरे आकडे घेऊ. २०११ च्या जनगणनेत बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या २५,८६,२५८ होती : पुरुष १३,३७,५६० आणि स्त्रिया १२,४८,६९८. दर हजार पुरुषांमागे स्त्रिया किती, हे काढण्यासाठी स्त्रियांच्या संख्येला पुरुषांच्या संख्येने भागून हजाराने गुणायचे. उत्तर येते ९३४. आठवीच्या मुलालाही जमेल असे गणित.

पण याच अहवालात दुसरा तक्ता आहे : वय शून्य ते सहा वर्षांच्या बालकांचा. त्यात २००१ साली आपल्या जिल्ह्यात हजार मुलग्यांमागे ९०८ मुली होत्या; २०११ साली ८५५. त्याच दहा वर्षांत राज्याचा आकडा ९१३ वरून ८९४ वर आला. राज्य १९ ने उतरले, आपण ५३ ने. ९३४ हा आकडा आजी-पणजींपासून सगळ्यांना एकत्र मोजतो. म्हणून तो बरा दिसतो. पाळण्याकडे पाहिले की दुसरेच चित्र दिसते. गर्भलिंगनिदानाला १९९४ च्या कायद्याने बंदी असताना हे घडले, आणि घडले ते जिजाऊंचे माहेर असलेल्या सिंदखेड राजाच्या जिल्ह्यात. २०१५ साली 'बेटी बचाओ, बेटी पढाओ' योजनेसाठी देशातून पहिले शंभर जिल्हे निवडले गेले, त्यांत आपला जिल्हा होता. ती निवड याच शेवटच्या धड्यातील गणिताने केली होती.

हे दोन आकडे आलेखात मांडून पाहा. उभा अक्ष शून्यापासून घेतला, तर ९०८ आणि ८५५ चे स्तंभ जवळजवळ सारख्या उंचीचे दिसतात. पाहणारा म्हणेल, फारसे काही बिघडले नाही. अक्ष ८४० पासून घेतला, तर दुसरा स्तंभ पहिल्याच्या पाव उंचीचाही राहत नाही; पाहणारा म्हणेल, मुली संपल्याच! आकडे तेच, हात वेगळा. म्हणून पाठ्यपुस्तकात अक्षसंकोचाची खूण करायला सांगितली आहे. आम्ही ती शोभेची नागमोडी रेघ समजत होतो. ती वस्तुतः प्रामाणिकपणाची सही आहे. 'मी अक्ष मध्येच तोडला आहे, हे लक्षात ठेवून पाहा,' असे ती वाचणाऱ्याला सांगते.

आणि सरासरीचा दोष येथेही आहेच. तेरा तालुक्यांचा मिळून हा एक आकडा. घाटावरचे आणि घाटाखालचे, पूर्णेकाठचा खारपाणपट्टा आणि पैनगंगेच्या बाजूचा मुलूख, यांचे पाणी एक नाही, पीक एक नाही. मग सगळ्यांचे मिळून एकच उत्तर कसे असेल? शिवाय २०२१ ची जनगणना ठरल्या वेळी झाली नाही. त्यामुळे ८५५ हा आकडा ज्या बालकांचा आहे, ती आता महाविद्यालयात पोचली किंवा पोचू लागली आहेत. जुनी सामग्री वापरताना तिचे साल सांगावे, हे नुसते शिष्टाचाराचे नव्हे, सत्याचे बंधन आहे.

शाळेत काय करता येईल?

टीका करून थांबणे सोपे. म्हणून काही सूचना. पहिली : हे प्रकरण फेब्रुवारीत उरकण्याऐवजी जूनपासून थोडे थोडे चालू द्यावे. पाऊस सुरू झाला की शाळेच्या आवारात पर्जन्यमापक ठेवून रोजची नोंद करावी. दिवाळीपर्यंत मुलांच्या हाती स्वतःची प्राथमिक सामग्री येते, आणि स्वतः मोजलेल्या थेंबाचा आलेख कुणी विसरत नाही.

दुसरी : हजेरीपटाचा आलेख मुलांनीच काढावा. नावे नकोत, फक्त संख्या. कोणत्या महिन्यात वर्ग रिकामा होतो, हे भिंतीवर लागले की शिक्षक-पालक सभेत बोलायला विषय मिळेल.

तिसरी सूचना थोडी धाडसाची आहे. जळगाव जामोद तालुक्यातील भेंडवळ येथे अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते आणि दुसऱ्या दिवशी पीकपाण्याचे भाकीत सांगितले जाते. ते ऐकायला लांबून शेतकरी येतात. श्रद्धेचा अवमान न करता मुलांना सांगावे की, भाकीत त्याच दिवशी वहीत उतरवा, समोर एक कोरा रकाना ठेवा आणि वर्षाअखेरीस त्यात प्रत्यक्ष पाऊस व पीक भरा. पाच वर्षांनी वही उघडा. काय दिसेल ते वहीच सांगेल. आपण आधीच हो किंवा नाही म्हणू नये. हवामान खात्याच्या अंदाजालाही हीच वही लावावी. दोघांना एकच फूटपट्टी.

चौथी सूचना आपणा महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी. शिबिरात पाहणी केली की अहवाल कपाटात जातो. ज्या गावाची सामग्री, त्या गावाला तिचा आलेख परत द्यावा. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर, ठळक अक्षरांत. माहिती देणाऱ्याला उत्तर मिळण्याचा हक्क आहे.

शेवटी

परवा आबांना मी वहीत सहा वावरांचे सहा स्तंभ काढून दाखवले आणि मधून ५२ ची आडवी रेघ ओढली. त्यांनी चष्मा सावरून बराच वेळ पाहिले. तीन स्तंभ रेघेच्या वर, तीन खाली. मग खालच्या सर्वांत बुटक्या स्तंभावर बोट ठेवून म्हणाले, "हे आपलं." इतकी वर्षे जे ते सांगत होते, ते आता कागदावर दिसत होते.

सामग्री गोळा करा, मांडा, दाखवा, एवढेच हा धडा शिकवतो. पण आबांचे बोट ज्या स्तंभावर गेले, तो स्तंभ सरासरीत बुडू न देणे हे त्यातले खरे काम आहे. शाळेतल्या गुरुजनांना म्हणूनच हात जोडून विनंती की, हा धडा पुस्तकात शेवटी असला, तरी वर्गात त्याला शेवटी टाकू नका.